वादळ कुणी बंद केलं

वादळ ऐन भरात असताना कुणीतरी सगळे दिवे लावले. नुसते दिवे नव्हेत, ते पांढरे, सरकारी कचेरीत असतात तसले. क्षणापूर्वी जिथे झुंबर हेलकावे खात होतं, टेबलावरचे चमचे एका बाजूला घसरत होते आणि पायाखालची जमीन पोटात घुमत होती, तिथे एकदम एक मोठं, आयताकृती, थोडं कळकट सभागृह उभं राहिलं. छतातून जाणारे वायरींचे जुडगे दिसले, आगीच्या पाण्याचे नळ दिसले, कोपऱ्यात मॉपची बादली दिसली. कप्तान हात वर करून ‘सगळ्यांनी आपापल्या जागी’ असं ओरडायच्या बेतात होता, तो तसाच तोंड उघडं ठेवून थिजला. शेजारच्या टेबलावरचं एक पोर रडायला लागलं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता, तो सोडला आणि म्हणाली, “संपलं?”

बाबा तेव्हा वर केबिनमध्ये एकटे होते. पण माझ्या मनात पहिला आला तो त्यांचा विचार नव्हता. पैशांचा होता.

ही गोष्ट मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण तिच्यात मी फार बरी दिसत नाही. हॉटेल कसं होतं, असं लोक विचारतात तेव्हा मी खिडक्यांचं सांगते, गणवेशांचं सांगते आणि विषय बदलते. तेवढ्यानंही त्यांचं समाधान होतं. खरं तर त्यांना एकच विचारायचं असतं, पैसे वसूल झाले का. ते मलाही अजून नक्की कळलेलं नाही.

हॉटेल म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं प्रवासी जहाज होतं. समुद्र तिथून कित्येक तासांवर. सगळ्यांनी एकाच दुपारी ‘चढायचं’, दोन रात्री काढायच्या आणि तिसऱ्या सकाळी एकदमच ‘उतरायचं’. मधल्या काळात बाहेर पडायचं नाही, फोन कापडी पिशवीत बंद. गोल खिडक्यांत पडदे बसवलेले आणि पडद्यांवर समुद्र. आमच्या घरचा तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे मी त्या दोन रात्रींसाठी भरले होते, आणि ते भरताना जे बटण दाबलं त्याचा आवाज मला अजून आठवतो. फोनला आवाज नसतो म्हणा. पण मला आला.

बाबांना भिंतींवर टकटक करायची सवय आहे. बोट वाकवून, मधल्या पेरानं, दोनदा. नोकरी सांभाळून त्यांनी तीसेक वर्षं हौशी नाटकांची नेपथ्यं उभी केली. फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरच्या खोट्या भिंती, ठोकले, त्यांना मागून टेकू दिले, टेकूंवर वजनं ठेवली, तीन तासांत वाडा उभा केला आणि पडदा पडल्यावर तासाभरात तोच वाडा टेम्पोत चढवला. त्यामुळे भिंत दिसली की ती खरी आहे का, हे हातानं विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. जहाजात शिरल्यावर त्यांनी पहिलं काम तेच केलं. रिव्हेट मारलेल्या पोलादी भिंतीतून ‘ठप्प’ असा पोकळ आवाज आला. “प्लाय,” ते म्हणाले. मग मागे सरून, डोळे बारीक करून बघत राहिले. “पण गंज काय रंगवलाय! पाणी ओघळतं तिथेच दाखवलाय. करणाऱ्याला अक्कल आहे.”

मला तेव्हा थोडं अवघडल्यासारखं झालं. कारण दारात उभा असलेला, पांढरे हातमोजे घातलेला स्ट्युअर्ड सगळं ऐकत होता, आणि तो अशा जगात उभा होता जिथे प्लायवूड नव्हतं. त्यानं अदबीनं विचारलं, “साहेब भिंती तपासतायत?” मी सारवासारव करणार, तेवढ्यात लेक म्हणाली, “हे जहाज माझ्या आजोबांनीच बांधलंय. ते बघायला आलेत, नीट ठेवलंय का.” स्ट्युअर्डनं एक पाऊल मागे घेतलं, टाच जुळवली आणि बाबांना कडक सलाम ठोकला. तासाभरात ही बातमी सगळ्या नोकरवर्गात फिरली असावी. त्यानंतर जो भेटेल तो बाबांना ‘मुख्य साहेब’ म्हणायला लागला. इंजिनखान्यातला काळवंडलेल्या कपड्यांचा माणूस मुद्दाम येऊन डेकवरच्या फळ्यांबद्दल विचारून गेला. बाबांनी गंभीरपणे सांगितलं, “डावीकडची तिसरी करकरते. खालून ढिली आहे.” ती खरोखरच करकरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती करकर बंद झालेली होती.

लेकीला हे एका क्षणात सुचलं, बाबांना ते आयतं मिळालं आणि मला मात्र दोन दिवस काही म्हणता काही जमलं नाही. “बाईसाहेब, आपण कुठल्या बंदरात उतरणार?” असं कुणी विचारलं की माझी बोबडी वळायची. मी ‘शेवटच्या’ असं पुटपुटायची, जणू बसमधून चालले आहे. अशा ठिकाणी पैसे देऊन आपण प्रेक्षक होत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. आपण नट होतो. तेही तालमीशिवाय, संहितेशिवाय आणि विंगेत कुणी प्रॉम्प्टर नसताना. ज्याला भातुकली जमते त्याच्यासाठी ते स्वर्ग आहे. ज्याला जमत नाही तो दोन दिवस लग्नात अनोळखी पंगतीत बसल्यासारखा बसतो आणि हिशेब करतो.

मी हिशेब करत होते. खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर मी या धंद्याबद्दल बरंच वाचून काढलं. कोर्टात जाणारा माणूस वाचतो तसं. असल्या प्रकारांतला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात लवकर मिटलेला प्रयोग म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडात डिस्नेनं काढलेलं ‘स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’. आमच्या जहाजासारखंच, फक्त अंतराळातलं. दोन रात्रींचा प्रवास, सगळे एकाच दिवशी चढणार, खिडक्यांच्या जागी पडदे आणि पडद्यांवर तारे. 100 खोल्या, आणि दोन माणसांचं दोन रात्रींचं भाडं सुमारे 4,800 डॉलरपासून सुरू. 2022च्या मार्चमध्ये उघडलं आणि 2023च्या सप्टेंबरअखेर शेवटची फेरी झाली. दीड वर्ष. जे तिथे रमले ते रडून निरोप घेत होते, आणि जे रमले नाहीत त्यांना खोल्या लहान आणि भाडं अवाच्या सवा वाटलं. मला दोघांचंही पटलं. आमच्या जहाजावर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना मी ही दोन्ही मतं बसलेली पाहिली होती. एका बाजूला माझी लेक, दुसऱ्या बाजूला मी.

बाबांना हे भाडं सांगितलं तर ते दचकले नाहीत. म्हणाले, “माणसं मोज.” त्यांचं गणित सोपं आहे. नाटकात दहा नट असतात आणि समोर हजार खुर्च्या. तीन तास काम, मग मेकअप पुसून घरी. इथे प्रेक्षक थोडे, नट जवळजवळ तेवढेच, आणि प्रयोग सकाळच्या चहापासून मध्यरात्रीपर्यंत. शिवाय नेपथ्य दहाव्या रांगेतून बघायचं नाही, प्रेक्षक त्यात झोपणार, आंघोळ करणार, पोरं त्यावर नखांनी ओरखडणार. “आम्ही गादीखाली खोकी ठेवून पलंग करायचो,” ते म्हणाले, “कारण त्यावर नट फक्त मरायचा. झोपायचा नाही.” खर्च भिंतींचा नसतो, भिंतीपाशी उभं राहून तुमच्याशी खोटं बोलणाऱ्या माणसाचा असतो. आणि ते खोटं तो तुमच्यापुरतं, तुमच्या बापाच्या टकटकीवरून, तिथल्या तिथे रचतो. हे शिवून घेतलेल्या कपड्यासारखं आहे. तयार कपड्याच्या भावात मिळत नाही.

मग माणसं काढून टाकली तर? तेही करून झालं आहे. जपानमध्ये नागासाकीजवळ 2015 साली ‘हेन ना’ नावाचं हॉटेल निघालं. स्वागताला यंत्रमानव, त्यातला एक चक्क डायनोसॉर. खोल्यांमध्ये बोलणारी छोटी बाहुली. ही बाहुली रात्री पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायची आणि ‘पुन्हा सांगता का’ म्हणून त्याला उठवायची. 2019पर्यंत त्यांनी निम्म्याहून जास्त यंत्रमानव काढून टाकले, कारण त्यांना सांभाळायला माणसांची कामं वाढली होती. हे वाचून मी एकटीच खूप हसले. आमच्याकडे मी घोरते, आणि घरात कुणी मला प्रश्न विचारत नाही.

बाबांना मात्र सगळ्यात आवडलं ते स्वीडनमधलं बर्फाचं हॉटेल. युकासयार्वी नावाच्या गावात, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. टोर्ने नदी गोठली की तिच्यातून बर्फाच्या लाद्या कापून काढतात, ठेवून देतात आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या खोल्या बांधतात. वसंतात सगळं वितळून पुन्हा नदीत जातं. हे चक्र तिथे तीसेक वर्षांहून जास्त चालू आहे. 2016 पासून काही भाग वर्षभर गोठवून ठेवतात, पण ते बाबांना कमअस्सल वाटतं. खोलीत उणे पाच ते उणे आठ अंश. बर्फाच्याच पलंगावर रेनडिअरची कातडी आणि जाड झोपायची पिशवी. बरेच पाहुणे एकच रात्र तिथे काढतात आणि बाकीच्या शेजारच्या उबदार खोल्यांत. “तिथे टकटक केली तर बर्फच लागणार,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला हेवा ऐकू आला. सेट उतरवायला टेम्पो नको, माणसं नकोत, नुसता उन्हाळा यायचा.

त्याच देशात साला गावच्या जुन्या चांदीच्या खाणीत 155 मीटर खोल एक शयनगृह आहे. खाणीत थंडी दोन अंशांच्या आसपास, खोली तेवढी तापवलेली, आणि रात्री वर एक माणूस जागा असतो, त्याच्याशी खालून बोलता येतं. हा वर जागा असलेला माणूस वाचला आणि मी फोन बाजूला ठेवला.

त्या रात्री आमच्या मजल्यावरही तसाच एक होता.

जेवण झाल्यावर बाबांना थोडं थकल्यासारखं वाटत होतं. “तुम्ही बघा वादळ,” म्हणून ते वर गेले. वादळाच्या वेळी सगळ्या केबिनमधले दिवेही खेळाचा भाग म्हणून मंदावत जातात आणि मग जातात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. माहितीच्या पानांवर असेल कुठेतरी, मी खाण्यापिण्याचं तेवढं वाचलं होतं. अंधार झाला तेव्हा बाबांना धाप लागली होती आणि हातातला दम्याचा पंप घरंगळत कुठेतरी गेला. जमीन हलते असं दाखवायला कॉटखाली जे काही यंत्र बसवलेलं होतं ते जोरात थरथरत होतं. त्यांनी चाचपडत बेल दाबली. मोठी पितळी बेल, शोभेची वाटावी अशी.

स्ट्युअर्ड आला तो कंदील घेऊन. काच पिवळी, आत ज्योतीसारखी लुकलुकणारी विजेची वात. उजेड असा की माणसाचं तोंड दिसावं आणि जमीन दिसू नये. “मुख्य साहेब,” तो म्हणाला, “आपण बांधलेलं जहाज आहे, बुडणार नाही.” बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवला. पुढचं बाबांनी मला जसं सांगितलं तसं सांगते. पोराचा आवाज बदलला. शंभर वर्षांचा भारदस्त आवाज गेला आणि आतून वीस-बावीस वर्षांचा एक घाबरलेला मुलगा बाहेर आला. “काका, काय होतंय? पंप? थांबा, थांबा हं.” एका केबिनचा दिवा वेगळा लावायची सोयच नव्हती, सगळं एका सूत्रात बांधलेलं. तो बोळात धावला, लाकडी नक्षीचा एक तुकडा खेचून काढला आणि आतलं लाल बटण दाबलं.

खाली कप्तान थिजला तो तेव्हा.

मी वर पोचले तोवर पंप सापडला होता. बाबा कॉटवर टेकून बसले होते, श्वास खाली येत होता. तो मुलगा जमिनीवर, गुडघ्यांवर. पांढरे हातमोजे कॉटखालच्या धुळीनं काळे झालेले, आणि घामानं त्याच्या खोट्या मिशीची एक बाजू सुटून ओठावर लोंबत होती. पांढऱ्या उजेडात केबिन केविलवाणी दिसत होती. गंज म्हणजे तपकिरी रंग, पितळ म्हणजे सोनेरी कागद. बाबांनी दोन श्वास नीट घेतले आणि त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, “स्पिरिट गम लावण्याआधी घाम टिपून घ्यायचा, आणि गम जरा सुकू द्यायचा. मग मिशी हलत नाही.” मुलगा हसला. त्याची मिशी आणखी सुटली. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “माझ्यामुळे पोरीचं वादळ बुडालं गं.”

मी ‘असं काय बोलता’ म्हणाले. म्हणायलाच हवं होतं. पण खाली सभागृहात ते दिवे लागले तेव्हा, ते कशासाठी लागले हे कळण्याआधीची ती पाच-सात सेकंदं माझ्याकडे शिल्लक आहेत, आणि ती मला परत करता येत नाहीत. ‘एवढे पैसे घेऊन एक वादळ धड करता येत नाही?’ हे वाक्य माझ्या डोक्यात पूर्ण तयार झालं होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. जिना चढताना, वरून कुणीतरी ‘आजोबा’ असं काही म्हणालं तेव्हा ते विरघळलं. महाग गोष्टीचं हे एक वाईट असतं. साध्या लॉजमध्ये दिवे गेले असते तर मी आधी बाबांकडे धावले असते. इथे मी आधी व्यवस्थापकाला शोधत होते.

माझ्यासारखे आणखी होतेच. रात्रीच काही जणांनी तक्रार केली, एका गृहस्थांनी भाड्याचा काही भाग परत मागितला. त्यांना आमच्या बोळात काय झालं ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. शेवटी असं ठरलं की ज्यांना हवं त्यांच्यासाठी वादळ पुन्हा लावायचं. सकाळी साडेनऊला, न्याहारीनंतर. तोंडात चहाची चव, पोरांचे केस ओले, आणि कप्तान पुन्हा पहिल्यापासून ओरडतोय. झुंबर हललं, चमचे घसरले, सगळं काही जागच्या जागी झालं. त्या गृहस्थांनी टाळ्याही वाजवल्या. लेक पूर्ण वेळ बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “रात्रीचं खरं होतं.”

उतरताना सगळे नोकर रांगेत उभे होते. तो मुलगा शेवटून तिसरा. मिशी घट्ट, हातमोजे नवे. मला वाटलं, आता तो विचारेल, काका बरे आहात ना. त्यानं नाही विचारलं. टाच जुळवून सलाम केला आणि त्या शंभर वर्षांच्या आवाजात म्हणाला, “मुख्य साहेब, आपल्या जहाजानं वादळ सोसलं.” बाबांनी त्याच्या मिशीकडे निरखून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, “आता पक्की आहे.” मी त्याच्या हातात काही ठेवायला पर्स उघडली, तर त्याच्या जगात माझ्या नोटा चालणार नव्हत्या की काय, त्यानं हात मागेच ठेवले. मी ती घडी केलेली नोट तशीच धरून बाहेरच्या उन्हात आले. बाहेर गाड्या लावायची जागा, सिमेंट, एक कुत्रं.

मी पुन्हा जाईन का? नाही. बाबांना आणि लेकीला पाठवीन का? पैसे असते तर उद्या. पण रात्रीच्या दिव्यांबद्दल आधी दहा प्रश्न विचारून.

परवा घरी पाहुणे आले होते आणि लेकीनं त्यांना ही गोष्ट सांगितली. माझ्या देखत, पहिल्यांदाच. तिच्या गोष्टीत समुद्र खरा आहे. लाटा डेकवरून जातात, कप्तान हात टेकतो, इंजिनखान्यातला माणूस रडतो. मग वर, सगळ्यात वरच्या केबिनमध्ये, ज्यानं जहाज बांधलं तो म्हातारा कॉटवरून उठतो, पितळी बेल वाजवतो आणि वादळ थांबतं. दिवे लागतात. सगळे वाचतात. पंप नाही, धाप नाही, मिशी नाही. पाहुण्यांनी कौतुकानं बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बेलनं नाही थांबलं,” ते म्हणाले. “लाल बटण होतं. नक्षीच्या मागे. बरोबर हाताच्या उंचीवर बसवलं होतं.”